फादरांना कळवलंत का?

माझी आई सात महिने कम्युनियनशिवाय राहिली, आणि चूक आम्हा तीन भावंडांची होती. मांडीचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरल्या भावाला वाटलं, मी चर्चजवळ राहते, तर फादरांना मी सांगितलं असणार. मला वाटलं, तो दर रविवारी चर्चच्या ऑफिसात डोकावतो, त्यानेच सांगितलं असेल. धाकटीचं म्हणणं, दोघं मोठी असताना मी कशाला मध्ये पडू. औषधं वेळेवर होती, फिजिओथेरपिस्ट दिवसाआड येत होता, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअरबेडही आणला होता. फादरांना मात्र कुणीच कळवलं नव्हतं. आईने एका शब्दाने विचारलं नाही. शेवटी नाताळच्या आधी एक सिस्टर सहज भेटायला आल्या, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "मला वाटलं, चर्चच्या वहीतून माझं नाव काढलं."

आई त्यानंतर तीन वर्षं जगली. दर पहिल्या शुक्रवारी आणि मोठ्या सणांना तिला घरी कम्युनियन मिळत गेलं. त्याच काळात फादरांनी मला विचारलं, बाई, तुम्ही ही सेवा कराल का? शाळेतून निवृत्त झाले होते, हो म्हटलं. आता वसईतल्या आमच्या धर्मग्रामात नऊ-दहा घरं माझ्याकडे आहेत. त्या घरांतून जे पाहिलं, त्यावरून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: घरातलं कुणी मिस्साला यायचं थांबलं असेल, तर त्याच आठवड्यात फादरांना कळवा. दुसऱ्याने कळवलं असेल असं धरून चालू नका.

पूर्वी वाडीत कुणी दोन रविवार मिस्साला दिसलं नाही, की विचारपूस व्हायची. विहिरीवर, फुलांच्या वाफ्यात, बाजाराला निघालेल्या बायकांच्या तोंडून बातमी आपोआप फादरांपर्यंत पोचायची. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या. मुलगा आणि सून पहाटे उठून विरार-चर्चगेट लोकल गाठतात, ते रात्रीच परततात. कुणाची मुलं कॅनडात, कुणाची आखातात. शेजारच्या दारामागे कोण झोपून आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. फादरही काही वर्षांनी बदलतात. ज्या आजोबांना नव्या फादरांनी एकदाही चर्चमध्ये पाहिलेलं नाही, ते चर्चमध्ये येत नाहीत हे त्यांना कसं कळावं?

आणि आजारी माणूस आपण होऊन मागत नाही. ह्याची कारणं मी घराघरांत हळूच विचारून घेतली आहेत. सून आधीच दमलेली, तिच्यावर आणखी एक काम कशाला टाकायचं. तोंडात कवळी नसते, खोलीला वास येतो, डायपर बांधलेला असतो, अशा अवस्थेत प्रभूला घरी बोलवायची लाज वाटते. एका काकांनी दहा वर्षांत कुमसार (पापांची कबुली) केला नव्हता, आता कुठल्या तोंडाने फादरांसमोर जायचं, म्हणून ते गप्प होते. एका आजींचं चर्चच्या कमिटीतल्या कुणाशी जुन्या काळी भांडण झालं होतं, आणि त्या भांडणाचा राग त्या अजून धरून आहेत असं घरच्यांना वाटत होतं. आजी तर ते भांडण कधीच विसरल्या होत्या. तेव्हा "आईने कधी विषय काढला नाही" हे कारण समजू नका. तुम्ही काढा. "शुक्रवारी कम्युनियन घेऊन कुणी यावं असं वाटतं का?" एवढं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. नको म्हणाली तर जबरदस्ती करू नका, महिन्याने पुन्हा विचारा.

घरी कम्युनियन नेणं ही अलीकडची सवलत आहे, असं काहींना वाटतं. ही रीत ख्रिस्तसभेइतकीच जुनी आहे. सन १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात उपस्थितांना ख्रिस्तशरीर वाटून झाल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन ते घेऊन जात, अशी नोंद आहे. वेदीसेवक मुलांचे पाठीराखे संत तार्सिसियस ह्यांनी रोममध्ये ख्रिस्तशरीर नेत असताना, ते इतरांच्या हाती न देता प्राण दिले. १५ ऑगस्टला त्यांचा सण असतो. सन ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेने तर नियमच केला, की मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला ही शेवटची शिदोरी नाकारू नये. आपण चर्चमध्ये शिरताना ज्या मंजुषेपुढे गुडघा टेकतो, जिच्याजवळ दिवा तेवत असतो, तिच्यात ख्रिस्तशरीर राखून ठेवायचं मूळ कारण मरणासन्न माणसाला ते मिळावं हेच आहे. १९६७ साली रोमने हे पुन्हा स्पष्ट शब्दांत लिहून दिलं. चर्चमध्ये आराधना करणाऱ्या आपल्यापेक्षा, अंथरुणावरच्या त्या आजीचा त्या मंजुषेवर आधीचा हक्क आहे. तिच्यासाठी फोन करताना "फादरांना त्रास कशाला" असं म्हणू नका. आजाऱ्यांची काळजी घेणं हे धर्मग्रामाच्या फादरांचं कर्तव्य म्हणून १९८३ च्या कॅनन लॉमध्ये लिहिलेलं आहे.

काही घरांत मला दारातच विचारतात, "फादर नाही आले?" त्यामागचा भाव मला कळतो आणि त्याचा राग येत नाही. पण समजून घ्या. जानेवारी १९७३ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या काळात सामान्य प्रापंचिकांनाही ही सेवा द्यायला परवानगी मिळाली, ती मुख्यतः आजारी माणसांना महिनोन्‌महिने ताटकळावं लागू नये म्हणून. मी आणलेलं आणि फादरांनी आणलेलं ख्रिस्तशरीर एकच, ते त्याच मिस्सातलं असतं. माझ्याकडून दोन गोष्टी होऊ शकत नाहीत. मी कुमसार ऐकू शकत नाही आणि तैलाभ्यंग देऊ शकत नाही, त्याला धर्मगुरूच लागतात. म्हणून ज्यांच्या मनावर काही ओझं असेल, त्यांच्यासाठी फादरांना वेगळं बोलवा, आणि ते आले की सगळ्यांनी खोलीबाहेर व्हा. दार लोटून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला मोठ्याने बोलावं लागतं, तेव्हा शेजारच्या खोलीतला टीव्ही त्या पाच मिनिटांपुरता चालू ठेवलात तरी चालेल.

आता ज्या भीतीमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं, तिच्याबद्दल. फादर घरी आले म्हणजे संपलं, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या आजीच्या तरुणपणी फादर ख्रिस्तशरीर घेऊन निघाले की पुढे घंटा वाजवणारा माणूस असायचा, हातात कंदील असायचा, वाटेवरचे लोक गुडघे टेकायचे, आणि सगळ्या गावाला कळायचं की कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. ती घंटा थांबून किती वर्षं झाली, भीती मात्र तशीच राहिली आहे. म्हणून घरचे शेवटपर्यंत थांबतात. आजारी माणूस घाबरेल, म्हणतात. मग फादर येतात तेव्हा तो बेशुद्ध असतो, गिळता येत नाही, बोलता येत नाही, आणि फक्त कपाळाला तेल लावून परतावं लागतं.

तैलाभ्यंग हा मरणाचा संस्कार नाही. तो आजारपणाचा संस्कार आहे. मोठं ऑपरेशन ठरलं, कॅन्सर निघाला, म्हातारपणाने अंग थकत चाललं, तरी तो घेता येतो, आणि आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. १९७२ साली ह्या संस्काराचा विधी नव्याने बांधला तेव्हा हेच समजावून सांगितलं होतं. मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा खास संस्कार म्हणजे कम्युनियन. लॅटिनमध्ये त्याला जो शब्द आहे, व्हिआटिकम, त्याचा अर्थ प्रवासाला निघताना बरोबर बांधून घ्यायचं अन्न. आपल्या भाषेत शिदोरी. माणूस शुद्धीत असताना, चव कळत असताना, "आमेन" म्हणता येत असताना ती द्यायची असते. आणि जो महिनोन्‌महिने घरी कम्युनियन घेत आलेला आहे, त्याला फादर दारात दिसले म्हणून धक्का बसत नाही. शुक्रवारी येणारं ओळखीचं माणूस एवढंच त्याला वाटतं. भीती घालवायचा ह्याहून सोपा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

घरात तयारी काय करायची, हे लोक फार विचारतात आणि कधीकधी फार करतात. पलंगाजवळ एक छोटं टेबल किंवा स्टूल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, एक क्रूस, दोन मेणबत्त्या, पेल्यात पाणी आणि एक चमचा. बस. ते कापड नवं नको, स्वच्छ हवं. औषधांच्या बाटल्या आणि थर्मामीटर बाजूला सरकवा. आजारी माणसाला शक्य असेल तर आदल्या दिवशी किंवा सकाळी पुसून घ्या, केस विंचरा, चष्मा द्या, श्रवणयंत्र लावा. श्रवणयंत्र बहुतेक ड्रॉवरमध्येच राहतं, आणि प्रार्थना सुरू झाल्यावर आठवतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल, तर त्या खोलीत मेणबत्ती पेटवू नका, अगरबत्तीही नको. ऑक्सिजनजवळ ठिणगीने भडका उडतो. प्रभूला मेणबत्तीवाचून काही उणं पडत नाही. बॅटरीवरचे छोटे दिवे मिळतात, ते ठेवा, किंवा काहीच ठेवू नका.

दुसरी गोष्ट उपासाची. ज्या आजी-आजोबांनी १९५३ च्या आधी पहिलं कम्युनियन घेतलं, त्यांच्या अंगात मध्यरात्रीपासूनचा कडक उपास मुरलेला आहे. तेव्हा पाण्याचा घोटही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याला मोकळीक मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर, आणि १९७३ मध्ये आजाऱ्यांसाठी जेमतेम पाव तासावर. आजच्या नियमाप्रमाणे वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना ती तासाभराची अटही नाही. पण डोक्यातला नियम आणि अंगातला नियम वेगळे. एका घरी मी साडेअकराला पोचले, तर आजी सकाळपासून पाण्याविना बसलेल्या, इन्सुलिन घेतलेलं, हात थरथरत होते. त्यांच्या सुनेला वाटलं आजींनी चहा घेतला असेल. शुगर इतकी खाली गेली होती की आधी साखरपाणी दिलं आणि मग प्रार्थना केली. तेव्हा मधुमेह असेल तर नाश्ता वेळेवर द्या, गोळ्या वेळेवर द्या. तुमचं ऐकत नसतील तर फादरांना फोन लावून द्या. त्यांनी सांगितलेलं त्या ऐकतात.

गिळण्याचं सांगायलाच हवं. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर, पार्किन्सनमध्ये, खूप म्हातारपणी घास घशात अडकतो. अशा माणसाला कम्युनियनची पूर्ण भाकर देण्याची गरज नसते. अगदी लहानसा तुकडाही पुरतो, त्या तुकड्यात प्रभू पुरता असतो. पाठ टेकवून, मान किंचित पुढे करून बसवा, आडवं असताना देऊ नका. चमचाभर पाणी लागेल ते जवळ ठेवा, पण डॉक्टरांनी पातळ पाणी बंद केलं असेल तर आधी सांगा. काहींना घट्ट केलेलंच चालतं. भाकर अजिबातच गिळवत नसेल, तर केवळ पवित्र रक्ताच्या थेंबभर रूपातही कम्युनियन देता येतं, त्याची व्यवस्था फादर करतात, फक्त त्यांना आधी ठाऊक हवं. आणि तोंडातून तुकडा बाहेर आला तर घाबरू नका, ओरडू नका, टिश्यूत गुंडाळून केराच्या डब्यात टाकू नका. जो घेऊन आला आहे त्याला सांगा, तो स्वच्छ रुमालात घेऊन चर्चमध्ये नेतो. काय करायचं ते त्याला शिकवलेलं असतं. भाकर "संध्याकाळी देते" म्हणून घरात ठेवूनही घेऊ नका, कितीही श्रद्धेने असो.

एका घरात मी दर शुक्रवारी जाते तिथल्या मावशी नव्वदीच्या आसपास आहेत. मुलाला ओळखत नाहीत. सुनेला "तू कुणाची?" विचारतात. त्यांच्याकडे दिवसभर ब्युरोची एक ताई असते, ती ख्रिस्ती नाही. पहिल्या दोन शुक्रवारी तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्या शुक्रवारी मी गेले तर स्टुलावर पांढरं कापड घातलेलं, पाण्याचा पेला झाकून ठेवलेला, आणि मावशींना तिने लाल लुगडं नेसवलेलं होतं. आमच्याकडच्या बायकांचं लुगडं नेसवणं सोपं नाही. ताईने ते शेजारच्या आजीकडून शिकून घेतलं होतं. का, विचारलं, तर म्हणाली, "गाऊनमध्ये असल्या की हात जोडत नाहीत."

ह्या मावशी औषधाची गोळी घेताना दात घट्ट मिटतात. खिमटात चुरून दिली तरी जिभेने ढकलून देतात. पण मी क्रुसाची खूण केली की त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जातो. प्रभूची प्रार्थना पहिल्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणतात, माझ्या अर्धा शब्द पुढेच असतात. मग डोळे मिटून तोंड उघडतात. त्यांना हे वेगळं आहे हे कळतं, एवढं मला पुरे. स्मृती गेलेल्या माणसाला कम्युनियन द्यावं का, त्याला काय कळतं, असं सुशिक्षित मुलंही विचारतात. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लिहिलं आहे की मानसिक अपंगत्व असलेल्यांनाही शक्य तिथे कम्युनियन द्यावं, कारण ते ख्रिस्तशरीर आपल्या घरच्यांच्या आणि समाजाच्या श्रद्धेतही घेत असतात. मग जिने ही श्रद्धा आपल्या मुलांना शिकवली, तिचा वाटा तिच्या विसरण्याने कसा जाईल? निर्णय अवघड वाटला तर फादरांना एकदा प्रत्यक्ष भेटायला बोलवा, ते बघून ठरवतील. आणि एका घरात मला विचारलं होतं म्हणून सांगते: मावशी तोंड उघडतात ना, मग त्याच वेळी गोळी ढकलू का? नका हो. तेवढा एक विश्वास मोडू नका. गोळीसाठी दुसरी वेळ शोधा.

माझ्यासारखी ही सेवा करणाऱ्यांनाही दोन शब्द. ख्रिस्तशरीराची डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवून आपण चर्चमधून निघालो, की सरळ त्या घरी जायचं. वाटेत मासळीबाजार लागतो, ओळखीचं माणूस लागतं, बँकेचं काम आठवतं. ते सगळं नंतर. २००४ साली रोमने ह्याबद्दल वेगळी सूचना दिली आहे, आणि ती द्यावी लागली ह्यातच सारं आलं. पण घाईही नको. मी सुरुवातीला दहा घरं एका सकाळी उरकायची. डबी उघडायची, द्यायची, पुढच्या घराकडे. एका काकांनी एकदा म्हटलं, "बाई, गॅसचा सिलिंडर देणारासुद्धा पाणी पिऊन जातो." त्या दिवसापासून मी घरं दोन दिवसांत वाटून घेतली. आता आधी बसते. रविवारचं शुभवर्तमान सावकाश वाचते. प्रवचनात फादर काय म्हणाले ते सांगते. कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, चर्चच्या सणाची तयारी कुठवर आली, हेही सांगते. त्या माणसाला ख्रिस्तशरीर हवं असतं, तशी त्याची माणसंही हवी असतात, आणि आपण चर्चमधून येतो म्हणजे दोन्ही घेऊन येतो.

कम्युनियनच्या आधी आपण सगळे जे वाक्य म्हणतो, प्रभू माझ्या घरी यावा एवढी माझी लायकी नाही, ते मूळ कुणाचं आहे हे मी तिथे कधीकधी सांगते. कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचं. त्याचा चाकर घरात पक्षाघाताने पडून होता. म्हणजे घरात खिळलेल्या एका रुग्णासाठी दुसऱ्याने जाऊन सांगितलेले ते शब्द आहेत. चाकर स्वतः जाऊ शकत नव्हता. मी हे सांगितलं की बहुतेक घरांत आजारी माणूस हसतो आणि जो त्याची सेवा करतो त्याच्याकडे बघतो.

सेवा करणाऱ्यांनाही विसरू नका. सून, मुलगी, म्हाताऱ्या बायकोला सांभाळणारा म्हातारा नवरा, ह्यांनाही कित्येक रविवार मिस्साला जाता येत नाही. त्यांनीही त्याच वेळी कम्युनियन घ्यावं, त्यांचीही संख्या आधी कळवा म्हणजे तेवढ्या भाकरी डबीत घेता येतात. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर प्रार्थनेला असला तर मला आवडतं, फक्त ख्रिस्तशरीर देताना फोन टेबलावर उपडा ठेवा. टीव्हीवर आणि यूट्यूबवर मिस्सा लावून देता, ते चांगलंच आहे. २०२० साली चर्चेस बंद होती तेव्हा आपण सगळ्यांनी तेवढ्यावरच दिवस काढले, आणि चर्च उघडल्यावर पहिल्या रविवारी किती डोळे पाणावले होते ते आठवा. आपली चर्चेस उघडली. घरात खिळलेल्यांसाठी ती अजून बंदच आहेत.

हॉस्पिटलमध्ये असताना हे सगळं अवघड होतं. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलंत तर तिथून जवळ कुठलं चर्च आहे ते दाखल करतानाच पाहून ठेवा आणि तिथल्या फादरांना नंबर द्या. आपले फादर वसईहून दर वेळी पोचू शकत नाहीत. आयसीयूत भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना आधीच सांगा की आमचे धर्मगुरू पाच मिनिटांसाठी येतील. सांगितलं तर बहुतेक जण सोडतात. रात्री अडीच वाजता धावपळ करून सांगितलं तर कुणाला काही सुचत नाही. व्हेंटिलेटर लावायच्या आधी, माणूस बोलतोय तोवर, हे विचारायचं असतं. हा प्रश्न डॉक्टर काढणार नाहीत, तो घरच्यांनीच काढायचा.

११ फेब्रुवारीला, लुर्ड मातेच्या सणादिवशी, जागतिक रुग्ण दिन असतो. १९९३ पासून तो पाळला जातो, त्या दिवशी आपल्या बऱ्याच चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मिस्सा होतो, रिक्षांनी आणि खुर्च्यांवरून त्यांना आणतात. जमेल त्यांना जरूर आणा. पण ज्यांना तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टवाचून उतरवता येत नाही, त्यांचं नाव त्या एका दिवसासाठी राखून ठेवू नका. ह्या रविवारी मिस्सानंतर सांगा. तोंडी सांगू नका, फादरांना त्या वेळी दहा जण दहा गोष्टी सांगत असतात. चिठ्ठी द्या. तीत नाव, वय, घराचा पत्ता, मजला, कुणाचा फोन लावायचा. काय दुखणं आहे, गिळता येतं का, ऐकू येतं का, शेवटचा कुमसार कधी झाला हे ठाऊक असेल तर तेही. घरी कोण असतं आणि किती वाजता. वाडीत जुलैत पाणी भरत असेल तर कुठल्या बाजूने यायचं. मागच्या पावसाळ्यात मी एका दाराबाहेर वीस मिनिटं डबी छातीशी धरून उभी होते. आत आजी एकट्या, मी आले आहे हे त्यांना कळलं होतं, मला त्यांची हाक ऐकू येत होती, पण त्यांना उठता येत नव्हतं आणि मुलगा अंधेरीत कामावर होता. तेव्हा चावी कुठल्या शेजाऱ्याकडे ठेवलेली असते, हे चिठ्ठीच्या अगदी वर, ठळक अक्षरात लिहा.